शब्दाची चिमणी

विमलताई वाघमारेंसमोर ‘निष्ठा’, ‘विश्वास’ असला शब्द कोणी उच्चारला की त्याची सुटका नसे. पर्समधून कोरी चिठ्ठी निघायची. “व्याख्या नक्को! डोळ्यांसमोर काय येतं ते लिही.”

हैदराबादेतल्या आमच्या सरकारी प्रशिक्षण संस्थेत त्या संशोधक होत्या. मी त्यांची सहायक. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, “पक्षी म्हटलं की काय दिसतं?”

“चिमणी.”

“शहामृग का नाही? तोही पक्षीच की! प्रत्येक शब्दाची अशी एक चिमणी असते. ती लोकांना ठाऊक असते, साहेबांना नाही.”

म्हणून त्यांच्या संशोधनात आधी काही जणांनी चिठ्ठीवर मनात येईल ते लिहायचं. मग त्यातलं काय शब्दाच्या जवळचं आणि काय लांबचं, ते दुसऱ्यांनी गुण देऊन ठरवायचं.

बेगम बाजारात जिरं घेतानाही त्यांनी दुकानदाराला ‘निष्ठा’ विचारल्याशिवाय सोडलं नाही. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. तो वैतागून म्हणाला, “अम्मा, वफादारी बोले तो... तुम्ही इतकी सालं माझ्याकडंच जिरं घेता, तेच ना!” ताईंनी ते जिऱ्यासकट टिपून घेतलं.

राज्याच्या वाटणीची वर्षं होती ती. सरकारी नोकरांपैकी तेलंगणात कोण राहणार, आंध्रात कोण जाणार, याच्या याद्या निघत होत्या. आणि ताईंनी विषय घेतला होता कामावरची निष्ठा! संचालकांची खात्री होती, वेळेवर येणंच सगळ्यांत वर असणार. ते पार खाली गेलं. वर आलं, ‘अडचणीत साथ न सोडणं.’

त्याच आठवड्यात यादी लागली. तिच्यात आंध्रात जाणाऱ्यांत रावगारूंचं नाव होतं; ‘गारू’ म्हणजे तेलुगूतलं ‘जी’. ताईंच्या खोलीत, समोरच्याच टेबलावर, ते अठरा वर्षं बसत होते. पंखा दोनवर की तीनवर, यावरून दोघांचं रोज वाजायचं. त्यातच ते ताईंची मराठी शिकले होते.

“अम्मा, मी तर साथ सोडून चाललो,” ते दारातच थांबून म्हणाले. “तुमच्या कागदात मी एकदम तळाला, नाही का?”

संचालकांना तोंडावर उत्तर देणाऱ्या ताईंनी समोरचा कागद पालथा ठेवला. मग हलकेच म्हणाल्या, “माणसाला असं मोजत नसतात हो.”

जन्मभर मोजत आलेल्या बाईंचं हे वाक्य! राव हसले, आणि चष्मा पुसू लागले.

ते आंध्रात निघाले त्या दिवशी मीही ताईंबरोबर काचीगुडा स्टेशनवर होते. ताईंनी त्यांच्यासाठी डबा आणला होता. गाडी सुटेपर्यंत त्या नुसत्या ओरडत होत्या, “भात आधी खा, आंबेल. गोळ्या विसरू नका. पोचलात की फोन करा.”

गाडी गेली. फलाट रिकामा झाला, तरी ताई हलेनात. त्यांचं घर स्टेशनामागेच होतं. तिथं आणखी कोण राहतं, हे इतक्या दिवसांत मी कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी त्यांनीच सांगितलं, आई गेल्यापासून त्या एकट्याच राहतात.

“घाई आहे का तुला?”

“नाही, ताई.”

“मग जेवून जा. एकटीपुरता भात काही नीट होत नाही.”