फेसमामा

आमच्या जुन्या जालन्यातल्या गल्लीत सकाळी धुणं निघालं, की गंगाधरमामा काठी घेऊन नालीपाशी हजर. काठीच्या टोकानं फेस उचलायचा, उन्हाला धरून बघायचा आणि ओरडायचं, "कोणाच्या घरचा हाय हा?" पोरं त्यांना फेसमामा म्हणत. मोठी माणसंही म्हणत, फक्त पाठीमागे.

मामांची उभी हयात नवीन जालन्यात खताच्या दुकानात गेली. धुण्याच्या पावडरीतही खतातलं स्फुरद असतं, हे त्यांनी कुठूनसं ऐकलं आणि हात धुऊन आमच्या मागे लागले. "वावरात टाकलं तर ज्वारी वाढती, नदीत गेलं तर शेवाळ. अन् तुम्ही बाया रोज नदीला खत घालून राह्यल्या!" मग खिशातून मूठभर रिठे काढून हातावर ठेवायचे. पावडर हवीच असेल तर एकच चमचा, आणि फेसाचं पाणी परसातल्या केळीला. "कपडा बराबर निघाला, मंग मळ गेला कुठं?" असं विचारून मामा काठीनं नदीकडे बोट दाखवल्यासारखं करायचे.

एकदा माझ्या नणंदेला बघायला परतूरचे पाहुणे आले होते. पोह्यांच्या बशा हातात आणि दारातून आवाज, "सूनबाई, आज लई फेस गेला तुमच्या घरातून!" पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. लग्न जमलं, पण माझा राग काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मामांना चांगलं सुनवायला निघाले. घराला कडी. ते नदीवर गेलेत, असं शेजारणीनं सांगितलं. तिथं मामा गुडघाभर पाण्यात उभे राहून एका पसरट दगडावरचं शेवाळ नारळाच्या शेंडीनं घासत होते. मामी होत्या तेव्हा याच दगडावर धुणं धूत, आणि ओल्या पिळ्यांची बादली मामा घरी वाहून नेत. त्यावरही गल्ली हसायची. मामी जाऊन आता कैक वर्षं झाली होती.

"मामा, हे काय चाललंय?"

"साफ केलं की आठ दिसांत पुन्हा हिरवं. तुमचा फेस थांबंना, अन् माझे हात थकून राह्यले."

"पण आता इथं धुवायला येतं कोण?"

मामांनी दगडावरून तळवा फिरवला. "शेवाळाला लई भ्यायची ती. पाय घसरायचा तिचा."

भांडायचं राहूनच गेलं. काठावर चपला काढल्या, पदर खोचला आणि पाण्यात उतरू लागले.

मामांनी घाईनं हात पुढे केला. "जपून, सूनबाई. इथंच घसरतं."