आजून येक पीळ

तात्यांनी बंद केलेली बरणी तात्यांशिवाय कुणाला उघडत नाही. पारनेरच्या आमच्या आळीतला हा नियमच आहे. मागे एकदा त्यांनी प्रेमाने माझ्या लोणच्याच्या बरणीचं झाकण लावून दिलं आणि दुसऱ्या दिवशी लेकीकडे पुण्याला निघून गेले. ते परत येईपर्यंत आम्ही वरण-भात नुसताच गिळला.

तात्या आमचे भिंतीला भिंत शेजारी. सगळा जन्म विहिरींवर मोटारी बसवण्यात गेला, त्यामुळे पंजे हे एवढे! कुठलाही नट आवळून झाला की दात-ओठ खाऊन म्हणणार, "आजून येक पीळ!" त्या एका पिळापायी आळीतले किती नळ कामी आले ते विचारूच नका. आमची तोटी तर त्यांच्या हातातच आली. "माल हलका हाय वैनी," म्हणून त्यांनी दोष तोटीलाच दिला. देवळातली घंटा त्यांनी अशी पक्की बसवली, की ती हलेचना. लोक टाळी वाजवून आत जाऊ लागले.

त्यांची एकुलती एक लेक सुवर्णा पुण्यात नोकरी करते आणि सायकलच्या शर्यतींत उतरते. एका शर्यतीच्या आदल्या दिवशी नवी कार्बनची सायकल घेऊन ती पहिल्यांदा घरी आली, तेव्हा तात्यांनी ती एका बोटाने उचलून आळीभर दाखवली. मग लेक अंघोळीला गेली आणि तात्यांना हँडल जरा ढिलं वाटलं.

"आजून येक पीळ!" मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. पाठोपाठ 'कड्ड'.

सुवर्णा भांडली असती तर बरं झालं असतं. तिने जास्त आवळल्याने कार्बनच्या हँडलला पडलेली चीर पाहिली आणि शर्यतीला न जाताच पुण्याला परतली. तेव्हापासून तात्या दूधवाल्याची सायकल दिसली तरी हात पाठीमागे बांधायचे. लेक निघताना तिच्या डोक्यावरून हात फिरवायची त्यांची रीत होती, तीही बंद. आमच्या बरणीच्या झाकणालाही ते हात लावीनात, त्यामुळे ती आता सहज उघडायची. पण खरं सांगते, ते लोणचं गोड लागेना.

यंदा दिवाळीनंतर नगरला शर्यत होती. सुवर्णा आली ती सायकलचं नवं हँडल सोडवून, सायकल खोक्यात घालून. अंगणात तिने तात्यांच्या हातात एक नवाच पाना ठेवला.

"तात्या, हँडल बसवा."

"म्या? न्हाई गं बाई!"

"ह्यो पाना ठरल्या जागी टक् करतो. टक् झालं की थांबायचं."

"आन् मंग पीळ?"

"पीळ न्हाई."

तात्यांनी चारी बोल्ट आलटून-पालटून, थोडे थोडे आवळायला घेतले. उन्हाळा नसताना घामाने भिजले. टक्. चटका बसावा तसा हात मागे. पुन्हा टक्. शेवटच्या बोल्टला त्यांचं मनगट सवयीने वळायला लागलं आणि अंगणाच्या भिंतीवरून डोकावत मी देवाचा धावा केला. टक्. थांबले! सुवर्णाने हँडलला हिसके देऊन पाहिले. ते जागचं हललं नाही.

सकाळी टेम्पोत सायकल चढली. सुवर्णा तात्यांच्या पाया पडली. तात्यांनी भीत भीत तिच्या खांद्यावर हात ठेवला, हलकेच दाबला, तोंडानेच "टक्" म्हणाले आणि हात झटकन मागे घेतला.

सुवर्णा हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"मी काय कार्बनची हाय व्हय, तात्या?" ती म्हणाली. "आजून येक पीळ!"