भाऊ सुर्व्यांचं जर्मन

भाऊ सुर्वे जर्मन बोलायला लागले तेव्हा नाचणे गावातल्या आमच्या गल्लीतली कुत्री आठवडाभर तिकडे फिरकली नाहीत.

ही अतिशयोक्ती वाटेल, पण ज्यांनी भाऊंचा आवाज ऐकलाय ते मान डोलावतील. भाऊंची उभी हयात एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. 'पूर्णगडला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे' असं ते माईकवर पुकारायचे. माईक बिघडला तरी काम अडत नसे. निवृत्त होताना ते खुर्ची, शिट्टी सगळं तिथेच ठेवून आले, आवाज मात्र घरी घेऊन आले.

आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये चिऱ्याचा कमरेएवढा गडगा आहे. त्या गडग्यापाशी उभे राहून एका सकाळी त्यांनी सुरू केलं, "इश बिन! डू बिस्ट! एर इस्ट!" माझी बायको नीता कणकेचे हात घेऊन बाहेर धावली. तिला वाटलं, कोणीतरी विहिरीत पडलं.

"भाऊ, काय झालं?"

"काय व्हायचंय? क्रियापद चाललंय. मी आहे, तू आहेस, तो आहे. सगळे हजर!"

साठी उलटून गेल्यावर भाऊंनी दूरशिक्षणाने पदवीला नाव घातलं होतं. विषय, व्यवसाय व्यवस्थापन आणि जोडीला जर्मन. पुस्तकं पोस्टाने यायची, तास मोबाईलवर व्हायचे.

"या वयात मॅनेजमेंट कशाला, भाऊ?" मी विचारलं.

"अरे, मला भाषाच हवी होती. पण तिथे ती सुटी देत नाय. बायकोबरोबर मेहुणा येतो तसं हे मॅनेजमेंट आलं. आता आलाय मेहुणा, तर त्यालाही जेवायला वाढायला नको?"

आणि मेहुण्याला त्यांनी अगदी आग्रह करकरून वाढलं. परसातल्या कोंबड्यांची दर सोमवारी आढावा बैठक व्हायला लागली. "ही तांबडी बघ," ते मला गडग्यावरून सांगत, "क्षमता आहे, प्रेरणा कमी पडते. आणि हा कोंबडा म्हणजे मधला अधिकारी. उत्पादन शून्य, आवाज सगळ्यांत मोठा."

"स्वतःवरनं ओळखलं असेल," नीता माझ्या कानाशी पुटपुटली.

राजापूरला त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. पंगत रेंगाळली. भाऊ पानावरून उठले, मांडवभर फिरले आणि निदान करून आले, "खोळंबा सोलकढीपाशी आहे." मग वाढणाऱ्याच्या हातातला जग काढून घेऊन त्यांनी स्वतः कढी वाढली. पंगत भराभर उठली हे खरं, पण नवऱ्यामुलाच्या काकांच्या शर्टावर वऱ्हाड निघेपर्यंत गुलाबी नकाशा होता.

मासळी घेऊन दारावर येणाऱ्या फातिमाबींनाही त्यांनी सोडलं नाही. फातिमाबी टोपली उतरवून बसल्या की भाऊ समोर उकिडवे. "फातिमाबी, धंद्यात एक लक्षात ठेवायचं. ग्राहक हा राजा असतो."

फातिमाबींनी बांगड्यांवरची माशी हाकलली. "राजा हायस ना? मग राजासारका घे. ही घासाघीस कसली?"

भाऊंनी हा मुद्दा, त्यांच्याच शब्दांत, 'पुढील सत्रासाठी राखून ठेवला' आणि सांगितलेल्या भावाने बांगडे घेतले.

जर्मनबद्दल तर त्यांच्याकडे रोज एक नवा शोध असायचा. "जर्मन माणसाला 'मी' म्हणायचं झालं तर काय म्हणतो ठाऊक आहे? इश! एवढे धिप्पाड लोक, पण लाजाळू बघ." पाण्याला जर्मनमध्ये 'वासर' म्हणतात हे कळल्यावर ते आमच्या दारात येऊन नीताला म्हणाले, "घोटभर वासर दे गं." नीता म्हणाली, "आमच्याकडे गोठा नाही, भाऊ."

त्यांचा सगळ्यांत लाडका सिद्धांत मुलींबद्दलचा. "त्यांच्यात मुलगी नपुंसकलिंगी! आमच्या राजापुराकडची म्हातारी माणसं मुलीबद्दल म्हणतात ना, 'ता चेडू खंय गेला?' तस्सं! जर्मन लोक मूळचे आपल्याच बाजूचे. मुंबईला म्हणून निघाले असतील, झोप लागली, पुढे गेले."

हे सगळं ऐकून गल्ली हसायची. पण हसून झालं की आवाज उतरवून एक वाक्य यायचंच, "घरात बायकोची ही अवस्था, आणि यांना हे सुचतं!"

शालिनीवहिनी, म्हणजे भाऊंची बायको, प्राथमिक शाळेत बाई होत्या. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे न आणि ण त्यांनी सरळ केलेले. त्यांच्या वर्गात 'पानी' मागणारं पोर 'पाणी' म्हणेपर्यंत तहानलेलं राहायचं. निवृत्त झाल्या आणि वर्षभरात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उपचाराने हात सुधारला, चालता यायला लागलं, पण वाचा परतली नाही. समजायचं सगळं. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथूनच माघारी फिरायचा. मग त्यांनी बोलायचा प्रयत्नच सोडला. कोणी भेटायला गेलं की आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. हळूहळू लोकही जायचे थांबले.

आणि त्या गप्प घरातून रोज सकाळ-संध्याकाळ भाऊंचं जर्मन दणाणत असायचं. तेच तेच शब्द, तेही बऱ्याचदा चुकीचे, पुन्हा पुन्हा. शेवटी नीताने मला पाठवलं. "जरा सांगा त्यांना. त्या बिचारीला शांतता तरी मिळू दे."

मी गेलो. प्रस्तावना केली. भाऊंनी ती शांतपणे ऐकून घेतली. "तक्रार निवारण शुक्रवारी. आज मंगळवार," असं म्हणून त्यांनी मला नाचणीचा लाडू दिला. मी लाडू खाऊन परत आलो.

सत्राच्या शेवटी जर्मनची तोंडी परीक्षा होती, मोबाईलच्या पडद्यावर. भाऊंकडे नेटचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी आमची बैठकीची खोली मागितली. ठरल्या वेळी दार वाजलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चापून बसवलेले केस, असे भाऊ उभे. आणि त्यांच्या मागे वहिनी! स्टार्चची साडी, कपाळावर नीट टिकली. दुखण्यानंतर त्या पहिल्यांदाच आमचा उंबरा चढत होत्या. नीता काहीतरी बोलायला पुढे झाली, तशी त्यांनी हसून मान खाली घातली.

"ह्या सोबत आल्यात," एवढंच भाऊ म्हणाले. त्यांनी वहिनींना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं, पडद्यावर दिसणार नाहीत अशा बेताने.

परीक्षक मॅडम तरुण होत्या. त्यांनी नाव विचारलं. भाऊंनी असं काही सांगितलं, की मॅडमनी कानावरचे हेडफोन जरा दूर धरले. गाव कोणतं, आवड काय, इथवर गाडी बरी चालली. मग मॅडम म्हणाल्या, कुटुंबाविषयी सांगा. हे अर्थात भाऊंनी आम्हाला नंतर मराठीत सांगितलं.

"माइनं फ्राउ हाइस्ट शालिनी," भाऊ म्हणाले. माझ्या बायकोचं नाव शालिनी. "माइनं फ्राउ इस्ट..." माझी बायको आहे... आणि तिथे गाडी बंद पडली. भाऊंनी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. "इस्ट... इस्ट..." घाटात पहिला गिअर पडेना, तसं चाललं होतं. कपाळावर घाम आला.

कोपऱ्यातून 'च्च्' असा आवाज आला. मी वळून पाहिलं. वहिनी खुर्चीच्या कडेवर सरकल्या होत्या. एका हाताने त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. ओठ हलत होते. "ले..." त्या म्हणाल्या. थांबल्या. डोळे मिटले. मग एकेक अक्षर जागच्या जागी ठेवत म्हणाल्या, "लेऽ-रे-रिन."

"सर," मॅडम आता मराठीत म्हणाल्या, "तुमच्या शेजारी कोणी आहे का? परीक्षेत मदत घेता येत नाही."

भाऊ ताडकन उभे राहिले. पडद्यावर आता मॅडमना नुसती शर्टाची बटणं दिसत असणार. "आहे की, मॅडम! बायको आहे माझी! सगळे मार्क काढून घ्या माझे. पण तुम्ही ऐकलंत ना? उच्चार बरोबर होता ना?"

मॅडम गोंधळल्या. "उच्चार... हो, अगदी बरोबर होता. पण सर, तुम्हाला परीक्षेला पुन्हा बसावं लागेल."

"बसू की!" भाऊ असे म्हणाले, की जणू पहिला नंबर आला.

"काय अर्थ त्या शब्दाचा?" नीताने विचारलं.

"शिक्षिका," भाऊ म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

नीता वहिनींना चहा द्यायला आत घेऊन गेली. आम्ही दोघं पडवीच्या पायरीवर बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भाऊ हळू आवाजात बोलले.

"डॉक्टरांनी चित्रांची कार्डं दिली होती रे. हे काय, कमळ. हे काय, बदक. जिने जन्मभर पोरांना कमळ शिकवलं, तिला मी कमळ विचारायचं? एक दिवस तिने कार्डं भिरकावली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तिचं काय चुकलं? घरात एकाला सगळं येतंय आणि दुसऱ्याला काय येत नाय, असं कसं चालेल? म्हटलं, दोघांनाही येत नाय असं काहीतरी आणू. मग बसलो मोठमोठ्याने चुकत. चुकीचा उच्चार तिला खपत नाय, तुला माहीत आहे. आधी नुसतं च्च् करायची. मग हात आपटायला लागली. मग पुस्तक ओढून घेतलं, मोबाईलवरचा तास माझ्याआधी येऊन ऐकायला लागली. आणि एक दिवस मला म्हणाली, 'नाही!' त्या 'नाही'ने मला जेवढा आनंद झाला ना, तेवढा लग्नाच्या होकारानेही नव्हता झाला."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम चुकत होता?"

"सुरुवातीला मुद्दाम." भाऊ जरा ओशाळले. "आता खरंच येत नाय रे."

आम्ही दोघंही हसलो. आतून नीताच्या बोलण्याचा आवाज येत होता, मध्ये मोठी शांतता, मग परत नीता.

निघताना वहिनी दारात थबकल्या. चौकटीला हात लावून त्या नीताकडे वळल्या. ओठ हलले, पण शब्द येईना. नीता काहीतरी सुचवणार, एवढ्यात माझं लक्ष भाऊंकडे गेलं. ते पायरीखाली उभे राहून समोरच्या फणसाकडे बघत होते, त्यांचा काही संबंधच नसल्यासारखे, अवाक्षर न काढता. नीताही थांबली. आम्ही सगळेच थांबलो.

"ये..." वहिनी म्हणाल्या. श्वास घेतला. "येते हं."

"या हं, वहिनी," नीता म्हणाली. "उद्या या."

भाऊंनी पुढे होऊन गडग्याचं फाटक उघडून धरलं.