चौकशी न करणारा राजपुत्र

रामोजीअण्णा पुस्तकातल्या माणसांना पेन्सिलीने शिव्या देत. सगळ्यांना नव्हे. राक्षस, चेटकिणी, कपटी प्रधान यांना त्यांनी कधी दुखावलं नाही. त्यांचा सगळा राग भोळ्या राजपुत्रांवर. जंगलात भेटलेल्या म्हातारीने दिलेलं फळ राजपुत्राने खाल्लं, की समासात अण्णांचं अक्षर हजर: "गाढवा! म्हातारी कुठली, कोणाची, चौकशी केलीस?"

हे खोडायचं काम माझं. मी तेव्हा बंगलोरच्या एका सरकारी कारखान्यात नकाशे काढत असे, आणि मराठी मंडळाच्या वाचनालयाचं बिनपगारी ग्रंथपालपण माझ्या गळ्यात पडलं होतं. आठवडाभर कारखान्यात रबर घासायचं आणि रविवारी इथे. अगदी वीट आला होता.

अण्णांचं चिकपेटेत साड्यांचं दुकान. घराणं तीनशे वर्षं इथलंच. घरी मराठी, दुकानात कानडी, रागावले की दोन्ही. वाचत मात्र फक्त जादूच्या कादंबऱ्या. एकदा मी म्हटलं, "अण्णा, एवढा त्रास होतो तर सामाजिक काहीतरी न्या."

"त्यात उडता घोडा असतो का?"

"मग त्या राजपुत्राला तरी माफ करा. भोळा आहे बिचारा."

"भोळा? आमच्या दुकानात गिऱ्हाईक पदर उजेडात धरून बघतं, ओढून बघतं, मग घेतं. अन् हा दार वाजलं की उघडतो! आपल्याला सगळं दिसतं, आपण ओरडतो, अन् त्याला ऐकू जात नाही. राग येणार नाही तर काय? राक्षस आपलं काम तरी नीट करतो."

मी पुण्याचा. "अण्णा, आपण कृपा करून..." अशी सुरुवात केली की ते हात वर करत. "स्वल्प कमी गोड बोला."

शेवटी तक्रारी आल्याच. एका सूनबाईंनी सासूबाईंना कादंबरी वाचून दाखवताना ओघात समासही वाचला. "तुझ्यासारखं माणूस घरात ठेवू नये" हे वाक्य सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं, आणि त्या घरात चार दिवस चूल धुमसत राहिली. समितीने अण्णांचं सभासदत्व रद्द केलं. पत्र मी पोहोचवायचं आणि त्यांच्याकडचं पुस्तक पुरावा म्हणून आणायचं, असं ठरलं. असली कामं नेहमी माझ्याच वाट्याला येतात.

रविवारी सकाळी गेलो. अण्णा देवळात गेले होते. दार त्यांच्या मुलीने उघडलं. शांताक्का, तिशीच्या आसपासची. अण्णांना मुलगी आहे हेही मला ठाऊक नव्हतं. मंडळात ती कधी दिसली नव्हती. "स्वल्प बसा," म्हणाली आणि वाचून झालेलं पुस्तक आणून दिलं.

गोष्ट एका राजकन्येची होती. दूरदेशीचा गोडबोल्या पाहुणा येतो, राजा त्याला मुलगी देतो, आणि ती हसत त्याच्यामागे निघते. इतकी भोळी नायिका म्हणजे अण्णांनी पान फाडलंच असणार, या तयारीने मी चाळत होतो. समास कोरे. फक्त राजा होकार देतो तिथे लिहिलं होतं: "हिला कोणी बोलू नये. चूक बापाची. मुलगा पुण्याचा, पुस्तकासारखं बोलतो, एवढंच बघितलं. चौकशी केली नाही."

त्याखाली बारीक, वेगळं अक्षर: "मला विचारलं होतंत, अण्णा. मीही हो म्हटलं होतं."

मला पुण्याचं असण्याची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"माझ्या नवऱ्याचं आधीच एक लग्न झालेलं होतं," शांताक्का दाराकडे बघत म्हणाली. "मी परत आले त्याला आठ वर्षं झाली. घरात तो विषय निघत नाही. अण्णांनी खालचं अजून वाचलेलं नाही. वाचून झालेलं पुस्तक ते परत उघडत नाहीत. मी हातात द्यायला गेले, जमलं नाही. तुम्ही द्याल?"

अण्णा आले. खिशातल्या पत्राला मी हात लावला नाही. म्हटलं, "अण्णा, हे पुस्तक तुम्ही पुन्हा एकदा बघावं अशी माझी विनंती आहे. पान एकशे चार."

"का?"

"चौकशी न करता घ्या. एकदाच."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ संशयाने पाहिलं. मग कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि चष्मा लावून तिथेच पायरीवर बसले. शांताक्का आत गेली नाही. मी सायकल काढली.

समितीने पुराव्याबद्दल विचारलं तेव्हा सांगितलं, की ते पुस्तक माझ्या नावावर लावलं आहे आणि माझं अजून वाचून झालेलं नाही.