साहेबाच्या पेटीतली रुई

"प्रिचर्ड साहेबाची पेटी ना? ती तर मी डोळे मिटून बांधून देईन!" तोताराम कारकून शिरपुरात ज्याला त्याला सांगत सुटला होता. जणू पेटी नव्हे, पानाचा विडाच बांधायचा होता!

साहेब वेल्श. त्याला चुकून इंग्रज म्हटलं की तो पिकल्या मिरचीसारखा लाल व्हायचा. जंगलखात्यातली सगळी नोकरी त्यानं सातपुड्याच्या पायथ्याशी दोनच नादांत घालवली: झाडपाला कागदांत दाबून वाळवायचा आणि बायकांची गाणी लिहून घ्यायची. निवृत्त होऊन तो वेल्समधल्या आपल्या गावी गेला आणि तिथून त्याचा आपल्या या जुन्या कारकुनाला निरोप आला, 'माझे सगळे कागद बोटीनं पाठव. पण अर्धवट काही पाठवू नकोस!'

तोताराम खुशीत होता, पण कागदांमुळे नव्हे. त्याच्या दोन सोयरिकी मोडल्या होत्या. तिसरी एरंडोलच्या धनसिंग पाटलांच्या प्रमिलेशी ठरली होती. पद्मालयाच्या देवळात तिनं त्याची टोपी पाहिली आणि ती फिसकन हसली. तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. साखरपुडा पुढच्या आठवड्यात. हीसुद्धा मोडली, तर पद्मालयाच्या तळ्यावर बगळे राखत बसायचं, असं त्यानं स्वतःला बजावलं होतं.

पेटी उघडली आणि पहिला घोळ झाला. हळदीच्या गाण्याचा कागद वाळवीनं खाल्लेला! वरची एक ओळ तेवढी शिल्लक. साहेबाला ते गाणं सांगणारी तानुबाई गावातच होती. तोतारामनं तिला साहेबाच्या बंगल्यावर बोलावलं. ती एकटी कशाला येते? शेजारणींचा अख्खा ताफा घेऊन आली.

"तानुअक्का, तेवढं हळदीचं गाणं म्हणा. मी लिहून घेतो."

"कोनी हयद शे?"

"कोणाचीच नाही. नुसतं म्हणा."

तानुबाईनं कानांना हात लावले. "मांडव नही, नवरदेव नही, आनि हयदनं गानं? घरमा अवदसा यी!"

"मग साहेबाला कसं सांगितलंत?"

"तवय भिकुबाईना पोऱ्यानं लगीन व्हतं. साहेब मांडवमा बशेल व्हता!"

बंगल्याचा म्हातारा राखणदार चिंधा दारात तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "मंग एखादा नवरदेव करा ना!"

सगळ्या बायका एकदम तोतारामकडे पाहू लागल्या.

"नुसतं बसायचंच ना?" त्यानं विचारलं.

"नुसतं बसनं," तानुबाई म्हणाली.

ओसरीवर चार काठ्या उभ्या राहिल्या, वर आंब्याचे डहाळे पडले. भरताच्या वांग्याला तेल चोपडावं तशी बायकांनी तोतारामला हळद चोपडली! त्यानं लेखणी उचलली, तर तानुबाईनं ती काढून घेतली. नवरदेवाच्या हातात लेखणी कुठं शोभते? तिथं अडकित्ता आणि लिंबू आलं. गाणं सुरू झालं, रंगलं, संपलं. कागदावर एक अक्षर नाही! ध्यानात ठेवावं म्हटलं, तर कानांतही हळद!

"झालं! आता आंघोळ करतो," म्हणून तो उठला आणि बायकांनी एकच गिल्ला केला.

"हयद लागी गई, आते लगीन लागालेच जोयजे! तशीच धुई टाकी त जलमभर लगीन व्हत नही!"

तोताराम मटकन खाली बसला. त्याच्या डोळ्यांपुढे बगळे उभे राहिले.

उपाय तानुबाईकडेच होता. तिच्या भावाचं तिसरं लग्न होतं तेव्हा आधी रुईच्या झाडाशी लावलं होतं. "रुईसंगे लगीन लावी टाकूत!"

पण हळद लागलेल्या नवरदेवानं बंगल्याबाहेर पडायचं नाही, बायका मांडव सोडून हलेनात. आणि रुई आणायला ओढ्यापर्यंत चालायचं, तर चिंधाचा गुडघा धरलेला. तो पेटीपाशी गेला आणि एक जाड कागद काढून आला. "रुई त पेटीमाच शे!"

खरंच होती. पापडासारखी चपटी, खाली साहेबाच्या अक्षरात नाव आणि साल. नवरीला कुंकू लागलं. अंतरपाट म्हणून साहेबाचा टीपकागद धरला. अक्षता पडल्या आणि नेमके त्याच वेळी धनसिंग पाटील दारात! कापसाच्या कामानं शिरपूरला आले होते, होणाऱ्या जावयाची नोकरीची जागा बघावी म्हणून डोकावले.

"जवाईबापू! हाई काय शे? नवरी कोठे शे?"

चिंधानं अदबीनं कागद वर धरला. "हाई."

पाटलांनी पाहिलं. "रुई? रुईसंगे तिसरं लगीन लावतस! म्हंजे आधी दोन व्हयी ग्यात?"

"एकही नाही, मामा! हे सगळं साहेबासाठी!"

"साहेबसाठे लगीन?"

तानुबाई मदतीला धावली. "दोन नही भाऊ. हाई पहिलीच!"

"पहिली? मंग मनी आंडेर दुसरी? सवतवर पोर देवाव नही!" पाटील वळलेच.

तोताराम हळदीच्या हातांनी कागद घेऊन त्यांच्या आडवा गेला. "मामा, ती जिवंत नाही हो! एकोणीस साली वाळली! हे बघा, लिहिलंय!"

पाटील थांबले. त्यांनी साल वाचलं. रुईला बोट लावून पाहिलं, एक पान मोडलं.

"म्हंजे तुम्ही बिजवर."

आपलं अजून एकही लग्न झालेलं नाही, हे तोतारामच्या ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. "हो मामा. बिजवरच!"

"बिजवरले पोर देतस," पाटील विचार करून म्हणाले. "पन रीत पाळनी पडी. पोरना गळामा सवतना टाक."

मेलेल्या पहिलीची चांदीची प्रतिमा दुसरीनं गळ्यात घालायची, म्हणजे पहिली त्रास देत नाही, अशी ती रीत. तोतारामनं एका पायावर कबूल केलं. स्वतःच्या गळ्यात घाल म्हटलं असतं, तरी त्यानं घातला असता!

पेटी बोटीनं गेली. गाणं अर्धवटच राहिलं, रुई मात्र कुंकवासकट गेली. लग्न एरंडोलला थाटात लागलं. टाकावर कुणाचं तोंड काढायचं, असं सोनारानं पुन्हा पुन्हा विचारलं आणि शेवटी मुकाट्यानं पान कोरून दिलं.

पहिल्या सणाला दोघं एरंडोलला गेली, तेव्हा विहिरीवर बायकांनी प्रमिलेला घेरलं. "गळामा हाई कोन वं?"

प्रमिलेनं पदरानं टाक पुसला आणि हसू दाबून सांगितलं, "मनी सवत. साहेबकडे विलायतले निंघी गयी!"

संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली. तोतारामला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पारावर गेला तर लोक उठून जागा देत, चहाचा पहिला पेला त्याच्याच पुढे करत. हा सगळा आपल्या नोकरीचा मान, असं समजून तो ताठ बसायचा. एकदा एका म्हाताऱ्या आबानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि सुस्कारा टाकला.

"जाऊ द्या, जवाईबापू. चांगला चांगला मानसेसन्या बायका निंघी जातीस!"