विहिरीतला हात आणि नागूमामा

भजी खाऊन झाल्यावर खालचा तेलकट कागद तुम्ही कधी उजेडाला धरून वाचला आहे का? नसेल, तर आमचे नागूमामा तुम्हाला भेटलेले नाहीत. परभणीत स्टेशनजवळच्या एका छापखान्यात ते शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवतात. हॉटेलात पुडा आला की आधी भजी टेबलावर ओततात आणि कागद उलगडून बसतात. मालक ओरडला की म्हणतात, "थांबा, कागद बोलायलाय."

विद्यापीठाच्या नामांतराची पत्रकं छापायला आम्ही पोरं त्यांच्याकडेच जायचो. इतर छापखानेवाले आमचा मजकूर वाचला की शाई संपल्याचं सांगायचे. मामा मात्र हो म्हणायचे. पण प्रूफ काढायला रद्दीतले एका बाजूने कोरे कागद वापरत, आणि त्यातला एकेक कागद उलटून पाहिल्याशिवाय ते शाईला हात लावत नसत.

मी संतापायचो. "मामा, तिकडं माणसं मार खायलेत आन् तुमी रद्दी चाळायलाव?"

"यील की. कवातरी ते पान हाती यील."

ते पान कोणतं, हे त्यांनी मला एकदा सांगितलं. मामा तेव्हा नऊ वर्षांचे, बहीण गोदा सहाची. गावच्या मास्तरांकडून आणलेल्या मुलांच्या मासिकात दोघांनी एक चित्रगोष्ट वाचली. रोज दिवेलागणीला विहिरीतून एक ओला हात वर येतो आणि बोटाने 'इकडे ये' अशी खूण करतो. शेवटचं पान फाटलेलं होतं. त्यानंतर मामांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरल्याशिवाय गोदा अंगणातही उतरेना. "शेवट सापडला की सांगतो," असं मामांनी तिला कबूल केलं. त्याला चाळीस वर्षं झाली. आईवडील गेले, लग्न राहून गेलं, तो दिलेला शब्द तेवढा उरला.

"भुताच्या गोष्टी म्हणजे गरिबाला भित्रं ठेवायचं कारस्थान आहे," मी सुनावलं.

"आसंल. पन शेवट काय आसंल वो?"

एका दुपारी मोर्चा दुसऱ्या दिवसावर आलेला, आणि मामा रद्दी उलटीत बसलेले. मी गठ्ठा हिसकावला, वरचा कागद यंत्रावर टाकला आणि प्रूफ काढलं. घाईत छापील बाजूच वर राहिली.

मामा प्रूफ वाचायला लागले आणि कागद घेऊन उजेडात गेले. पानावर विहिरीतून वर आलेलं भूत होतं. त्याच्या डोक्यावर हे एवढं टेंगूळ. ते गावकऱ्यांना म्हणत होतं, "बादली जरा हळू सोडत जा रे! रोज डोक्यात लागते." आणि टेंगळाच्या बरोबर वर आमची ओळ उमटली होती: 'हा अन्याय आता सहन करणार नाही!'

मामा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आमच्या पत्रकाला मीही पहिल्यांदाच हसलो.

त्या रविवारी माझी झरी गावात सभा होती, आणि गोदाबाईंचं सासर तिथेच. मामा इस्त्रीचा सदरा घालून बसमध्ये शेजारी बसले. पान पुठ्ठ्यात जपून ठेवलेलं. आधी घाबरवायचं, मग टेंगूळ दाखवायचं, असं त्यांनी वाटेत मला तीनदा समजावलं.

गोदाबाई तूर पाखडत होत्या. मामा टेकले आणि आवाज खोल करून म्हणाले, "गोदे, दिवेलागण झाली. हिरीतून हात वर आला..."

गोदाबाईंनी सूप खाली टाकलं. "कुनाच्या हिरीत? कोन पडलं वो?"

"आगं, ती गोष्ट! तू माजा सदरा धरून हिंडायचीस, ती."

"मी? काय की बाई. माज्या तर काईच ध्यानात न्हाई, दादा." त्यांनी परत सूप उचललं. "चा ठिवते. साखर लय टाकू का?"

मामांनी पुठ्ठा उघडलाच नाही. चहा प्याले, चांगला झालाय म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "शेवट तरी सांगायचा होता की."

"भेवच न्हाई उरलं, तर शेवट कुनाला सांगू?" ते खिडकीबाहेर बघत होते. "बरंच हाय म्हना. चाळीस वर्सं ती मजेत होती. मीच उगं..."



मामा आता कुठलाच कागद उलटून बघत नाहीत. म्हणून ही विनंती. परभणीला आलात तर दुपारी छापखान्यात जा. यंत्र बंद असतं, मामा एकटे असतात. समोर बसा आणि विहिरीची गोष्ट सांगा म्हणा. शेवट मी इथे फोडला आहे, पण तो ठाऊक असल्याचं दाखवू नका. आणि तो हात वर येईल तेव्हा, जमलं तर, थोडं घाबरा.