बारावीला गणित आवश्यक

आमच्या गल्लीतल्या कुंपणांवर जे लिहिलेले असते, ते कुठेही असते तेच. कोणाकडे 'शुभ लाभ', कोणाकडे 'येथे वाहन उभे करू नये'. माझ्या घरासमोरच्या वासुदेव राऊतांच्या भिंतीवर मात्र 'गणिती भौतिकीच्या पदवीसाठी काय लागते' हे लिहिलेले आहे. पांढऱ्या चुन्यावर निळा ऑइलपेंट. पहिली ओळ: 'बारावीला भौतिकशास्त्र व गणित, दोन्ही आवश्यक.' त्याखाली पहिल्या वर्षाचे कलनशास्त्र आणि यामिकी. दुसऱ्या वर्षाचे रेषीय बीजगणित, अवकल समीकरणे, विद्युतचुंबकत्व. तिसऱ्याचे संमिश्र विश्लेषण आणि क्वांटम यामिकी. शेवटी, जरा मोठ्या अक्षरात: 'प्रयोगशाळा चुकवता येणार नाही.'

हे रंगवले सलीमभाई पेंटरने. त्यांचा मुख्य धंदा ट्रकच्या पाठी रंगवण्याचा. अक्षर काढता काढता ते म्हणाले होते, "सर, मी कुत्र्यापासून सावधान लिहितो, ते लोक वाचतात. हे कोन वाचते?"

"ज्याला लागेल तो वाचेल," राऊत म्हणाले.

सलीमभाईंनी काम संपवून ट्रकच्या सवयीने खाली 'फिर मिलेंगे' लिहिले आणि दोन मोर काढले. राऊतांनी अक्षरे पुसायला लावली. मोर राहिले.

भिंत वाचून माणसे आत येत, पण भलत्याच कामासाठी. एकाने भरती कधी निघणार ते विचारले. एक बाई संमिश्र विश्लेषण ही रक्ताची तपासणी समजल्या आणि सकाळी उपाशीपोटी यायचे का, अशी चौकशी करून गेल्या.

राऊतांनी आणि मी यवतमाळच्या एकाच महाविद्यालयात बत्तीस वर्षे शिकवले. ते भौतिकशास्त्र, मी गणित. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी सर्वाधिक ऐकलेले वाक्य म्हणजे "त्याच्या आधी काय?" विद्यार्थ्याने क्वांटमचे नाव काढले की ते विचारत, "त्याच्या आधी काय?" विद्यार्थी एकेक पायरी मागे सरकत शेवटी त्रैराशिकापर्यंत येई आणि तिथे अडखळे. मग राऊत त्रैराशिकापासून सुरू करत. मुले त्यांना 'आधी सर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होते.

वर्गाबाहेरही हेच. शेजारच्या देशमुखांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली, तेव्हा राऊतांनी ती उघडण्यापूर्वी विचारले, "त्याच्या आधी काय? बी.एस्सी. पूर्ण झाली का?" झालेली नव्हती. राऊत लग्नाला गेले नाहीत. आहेर मात्र पाठवला. त्यात परीक्षेचा अर्ज होता.

वहिनींच्या आजारात शस्त्रक्रियेचे ठरले, तेव्हाही त्यांनी डॉक्टरांना विचारले, "त्याच्या आधी काय?" डॉक्टर म्हणाले, "आधी सही." त्यांनी सही केली. वहिनी घरी आल्या नाहीत. त्यानंतर त्या घरात दुसरे माणूस नाही.

निवृत्तीनंतर राऊतांचा एकच उद्योग उरला. महाविद्यालयात गणित आणि भौतिकशास्त्र जोडून घेणारा विशेष अभ्यासक्रम त्यांनीच सुरू केला होता, आणि त्याला किमान पंधरा विद्यार्थी लागत. पुढे पोरे फार्मसीकडे आणि स्पर्धापरीक्षांकडे वळली. राऊत दर उन्हाळ्यात एस.टी.ने बाभुळगाव, कळंब, राळेगाव असे फिरून विद्यार्थी गोळा करू लागले. आमच्या कार्यालयातले ढोकेबाबू म्हणत, "लोकं पोरीले स्थळ पाहतात, राऊत सर विषयाले पोरं पाहून राह्यले." कधी सतरा होत, कधी काठावर पंधरा.

गेल्या वर्षी प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी चौदा होते.

त्या दुपारी मी राऊतांच्या ओसरीवर बसलो होतो. बाहेर एक मुलगी भिंत वाचत उभी होती. ती बोट फिरवत, थांबत वाचत होती. तिचे वडील थोडे पलीकडे कडुलिंबाखाली बसले होते. तिने दोनदा वाचले. मग फाटकाशी येऊन म्हणाली, "सर, एक विचारू का?"

ती सुनीता टेकाम. पांढरकवड्याच्या पुढे कोलामांचा एक पोड आहे, त्या वस्तीवरची. जातीच्या दाखल्याच्या कामासाठी बापलेक यवतमाळला आले होते.

"आमच्या फिजिक्सच्या पुस्तकात ठायी ठायी लिहून राह्यते, 'असे दाखवता येते'," ती म्हणाली. "पण दाखवत कोनीच नाही. ते कुठी दाखवतात, सर?"

बत्तीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. राऊतांनाही नसावा. ते उठले, आतून खुर्ची आणली आणि तिच्यासाठी ठेवली. राऊतांनी विद्यार्थ्यासाठी खुर्ची आणलेली मी पाहिली नव्हती.

"इथे दाखवतात," भिंतीकडे हात करून ते म्हणाले. "तीन वर्षं लागतात. बारावीला भौतिकशास्त्रात किती?"

"ब्याण्णव."

"गणितात?"

"गणित नव्हतं, सर. आमच्या कॉलेजात गणिताचे सर नव्हते. बायोलॉजीचे होते."

इथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी, आम्ही नोकरीत असताना, बारावीला गणित नसलेल्यांना सहा आठवड्यांचा पूरक वर्ग देऊन या अभ्यासक्रमाला घ्यावे, अशी सूचना आमच्यापुढे आली होती. राऊतांनी ती फेटाळली. पाया नसताना मजला चढवणे म्हणजे विद्यार्थ्याची फसवणूक, असे त्यांचे टिपण होते. त्या टिपणावर दुसरी सही माझी आहे.

राऊतांनी ढोकेबाबूंना फोन लावला. ढोकेबाबूंचा आवाज मला ओसरीवर ऐकू येत होता. "सर, पंधरावं नाव पायजे ना तुमाले? गुणपत्रिका नंतर देते म्हनून टाकू. वर्षभर कोन विचारते?"

"नियम आहे," राऊत म्हणाले आणि फोन ठेवला.

मग त्यांनी मुलीला भिंतीवरची पहिली ओळ मोठ्याने वाचून दाखवली. तिने ती दोनदा वाचलेली होती. ती म्हणाली, "हो सर." तिचे वडील उठून फाटकाशी आले आणि तिला म्हणाले, "चाल माय. यष्टी जाईन."

मी काही बोललो नाही. बोलण्याची जागा होती.

दुसऱ्या दिवशी तारीख संपली. चौदा जणांना दुसऱ्या गटांत वाटून दिले आणि अभ्यासक्रम बंद झाला. राऊतांनी ते ऐकून घेतले आणि कुंडीला पाणी घातले.

तिसऱ्या आठवड्यात ते सकाळीच पिशवी घेऊन निघाले. पिशवीत बारावीच्या गणिताची दोन्ही पुस्तके होती. कुठे, ते सांगितले नाही. संध्याकाळी परत आले तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरला होता, आणि पुस्तके पिशवीतच होती.

पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी कळले. बोर्डाच्या नियमात बारावी झालेल्याला एखादाच विषय नव्याने देता येतो. वर्षभर शिकून गणिताचा पेपर द्यायचा आणि पुढच्या वर्षी प्रवेश घ्यायचा. आमच्याकडे नाही तर अमरावतीला, नागपूरला. राऊतांना हा नियम तोंडपाठ होता. त्या दुपारी ओसरीवर तो त्यांना आठवला नाही. आयुष्यभर ज्याला त्याला 'त्याच्या आधी काय' विचारणाऱ्या माणसाला, त्या एका मुलीला त्याचे उत्तर देणे सुचले नाही. मलाही नाही.

तो नियम सांगायला ते पोडावर गेले होते. सुनीता आठ दिवसांपूर्वीच वर्ध्याला नर्सिंगला गेली होती. तिच्या वडिलांनी, माधव टेकामांनी, त्यांना खाटेवर बसवले, ज्वारीची भाकर आणि चटणी वाढली. नियम नीट ऐकून घेतला.

"त्याच दिवशी सांगाचं होतं, गुरुजी," ते म्हणाले. "एक साल ठेवली असती मी घरी. तिले लय वाटत होतं. आता तिकडचे कागद जमा झाले."

राऊतांनी मला एवढेच सांगितले. भाकर चांगली होती, हेही.

दिवाळीनंतर सलीमभाई पुन्हा भिंतीशी दिसले. बंद झालेल्या अभ्यासक्रमावर चुना फिरवून घेत असतील, असे मला वाटले. मी चष्मा लावून पलीकडे गेलो. पहिल्या ओळीखाली थोडी मोकळी जागा होती. तिथे नवी ओळ लिहिली होती: 'बारावीला गणित नसल्यास आत या.' बाकी भिंत होती तशीच. सलीमभाईंनी या वेळी स्वतःहून काही जोडले नाही.

तेव्हापासून रोज चार ते सहा राऊतांचे फाटक उघडे असते. ओसरीवर दोन खुर्च्या असतात. एकीवर राऊत, दुसरीवर कोणी नाही. दोन्ही पुस्तकांना त्यांनी खाकी कव्हरे घातली आहेत. शाळांच्या सुट्ट्या गेल्या, उन्हाळा गेला. कोणी आले नाही. मी माझ्या ओसरीतून हे पाहत होतो.

परवा साडेपाचला मी रस्ता ओलांडला. फाटकाशी थांबून भिंत वरपासून खालपर्यंत वाचली. बारावीला मला गणित होते. मी आत गेलो.

राऊतांनी मान वर केली नाही. दुसरी खुर्ची पायाने जरा पुढे सरकवली आणि म्हणाले, "बसा. पहिलं प्रकरण."